बोलल्यान बोटी बुडतत?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या वाचनालयात एक व्याख्यान व्हायचं होतं. विषय विनोबा आणि १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह. अशा कार्यक्रमांना पंचवीस-तीस डोकी जमतात, चहा-बिस्किटं होतात, कुणीतरी आभार मानतं आणि मंडळी बॅटऱ्या पेटवून घरची वाट धरतात. याचंही तेच झालं असतं. पण फळ्यावर विषयाखाली कुणीतरी हौसेनं 'युद्धाला नकार' असं लिहिलं आणि त्या फळ्याचा फोटो गावकीच्या व्हॉट्सअॅप गटावर गेला. ऑपरेशन सिंदूर होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मे महिन्यातल्या मॉक ड्रिलच्या सरकारी यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गाचंही नाव होतं, ते लोक विसरले नव्हते. 'सीमेवर पोरं उभी आहेत आणि तुम्ही इथं नकार शिकवताय?' इथून सुरुवात झाली आणि संध्याकाळपर्यंत गाडी 'देशद्रोही'वर आली. मुंबईच्या दोन चाकरमान्यांनी तिकडून 'हुकूमशाही' आणि 'हिटलर' फेकले. तिसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "वाद नको."

वाद नको म्हणणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग आला तो वाद घालणाऱ्यांचा, कारण दोन्हीकडून तो फार वाईट घातला गेला. एका बाजूच्या मते युद्धाविरुद्ध बोलणारा शत्रूचा हस्तक. दुसऱ्या बाजूच्या मते तो द्रष्टा, आज दगड खाणारा आणि उद्या हार घेणारा. दोन्ही समजुती सोयीच्या आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. युद्धाला विरोध करणारे पुष्कळदा चुकतात, कधीकधी तर भयंकर चुकतात. तरीही त्यांना बोलू दिलं पाहिजे, आणि तेही युद्ध संपल्यावर, निवांतपणी, स्मरणिकेत नव्हे. युद्ध चालू असताना. ते बरोबर असतात म्हणून नव्हे. सरकार चुकत असेल तर ते कळायची वाट युद्धाच्या दिवसांत जवळजवळ बंद झालेली असते, म्हणून.

समोरच्यांचं म्हणणं हलकं नाही. आमच्या शेजारचे काका नौदलातून निवृत्त झालेले. १९७१ साली ते समुद्रात होते. फळ्याची हकिगत ऐकून ते म्हणाले, "बोलल्यानच बोटी बुडतत रे बाबा." या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसानं हे हसण्यावारी नेऊ नये. १९९३ साली श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, आणि ते उतरवून घेणारे, वाहून नेणारे, काणाडोळा करणारे हात इथलेच होते. २६/११ चे मारेकरी मासेमारीच्या बोटीतून आले. कुठली गस्तीनौका कधी कुठे असते, कुठल्या खाडीत रात्री कोण नसतं, या गोष्टी चव्हाट्यावर बोलायच्या नसतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण फळ्यावर जहाजांच्या वेळा लिहिल्या नव्हत्या. गुपित फोडणं आणि मत मांडणं यांतला फरक शाळेतल्या पोराला कळतो. तो मोठ्या माणसांना युद्धाच्या दिवसांतच कसा कळेनासा होतो?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. कोकणात फौज ही कल्पना नाही, ते घराघरातलं माणूस आहे. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे; गावाच्या नावातच फौज. दापोलीच्या कॅम्पात एके काळी पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा उघडा म्हणून अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, स्वतः निवृत्त सैनिक. ज्याला गावच्या पाणवठ्यावर उभं केलं जात नव्हतं, त्याला पलटणीत गणवेश, पगार आणि पोरांना शाळा मिळाली. अशा माणसाला बागायतदाराच्या मुलानं युद्ध वाईट असतं हे शिकवावं, यात एक प्रकारचा निर्लज्जपणा आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली, ही गोष्ट मात्र त्याच माणसांच्या घरात सांगितली जाते, माझ्यासारख्याच्या नाही. तेव्हा युद्धाबद्दल शंका विचारायचा हक्क सर्वांत आधी कुणाचा, याचंही उत्तर त्यातच आहे.

तिसरा आक्षेप असा की विरोध करणारे चुकतात. बरोबर, आणि उदाहरण शोधायला दूर जायला नको. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. हिटलरच्या युद्धात या दोन घरांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला पहिले सत्याग्रही म्हणून उभे राहिले आणि ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, सर्व युद्धांचा प्रतिकार अहिंसेनंच करावा, असं सांगत गावोगाव फिरले. चार दिवसांनी त्यांना पकडलं. बाबासाहेबांचं म्हणणं नेमकं उलट होतं. नाझी जिंकले तर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच उरणार नाही, म्हणून या युद्धात उतरलं पाहिजे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे त्यांचा आग्रह होता.

मला विचाराल तर या प्रश्नावर बाबासाहेब बरोबर होते. नाझी युरोपभर पसरलेले असताना अहिंसेचा तो उपदेश मला आजही पटत नाही. (खुद्द गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक भरती करत हिंडत होते, हे विनोबांच्या व्याख्यानात कुणी विचारलं असतं तर बहार आली असती.) पण व्हाइसरॉय लिनलिथगोनं गांधीजींना काय सांगितलं ते पाहा. ज्याची सदसद्विवेकबुद्धी युद्धाला तयार नाही त्यानं लढू नये, आपलं मत उघड बोलावं, इथवर ठीक. पण दुसऱ्यांनी साथ देऊ नये म्हणून त्यांचं मन वळवू नये. म्हणजे मत बाळगा, पण ते कुणाला पटेल असं काही करू नका. मत म्हणजे काय फडताळातलं लोणचं आहे, मुरत ठेवायला? त्या सत्याग्रहाची मागणी स्वातंत्र्याचीही नव्हती, फक्त युद्धाविरुद्ध बोलू द्या एवढीच होती. आणि तेवढ्यासाठी वीस हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली.

चुकीचं मत गप्प केल्यानं नुकसान काय, असं कुणी विचारेल. चुकीचं मत आणि बरोबर प्रश्न एकाच तोंडातून येतात, हे नुकसान. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडलं. आमच्याकडची जुनी माणसं रंगूनच्या तांदळाच्या गोष्टी सांगत, तेच रंगून. आता जपानी बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार, या धास्तीनं सरकारनं तिथला तांदूळ हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकतील अशा होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. हजारोंनी. क्षणभर हे आपल्या किनाऱ्यावर घडतंय असं समजा. देवगडपासून रेडीपर्यंतच्या होड्या एका हुकमानं ओढून नेल्या; खाडीपलीकडच्या शेतात जायला तर नाही, बाजाराला माल न्यायला तर नाही, आणि मासा तर विसरूनच जा. काय खाल? बंगालच्या त्रिभुज प्रदेशात होडी म्हणजे बैलगाडी, बाजार आणि नांगर, तिन्ही. गांधीजींनी 'हरिजन'मधून तेव्हाच या धोरणावर टीका केली होती. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'नंतर ते तुरुंगात गेले आणि 'हरिजन' बंद पाडलं गेलं. ऑक्टोबरात मिदनापूरला भीषण चक्रीवादळ झालं, त्याच्याही बातम्या दाबल्या गेल्या. पुढच्या वर्षी माणसं रस्त्यावर मरू लागली. वर्तमानपत्रांना लिहायची बंदी होती, पण छायाचित्रांची बंदी घालायचं बहुधा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या फटीतून कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नं २२ ऑगस्ट १९४३ ला भुकेनं मेलेल्यांचे फोटो छापले आणि जगाला कळलं. तोवर फार उशीर झाला होता. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. दुष्काळाला कारणं अनेक होती, होड्या हे त्यांतलं एक. पण वर्षभराहून अधिक आधी ज्यांनी विचारलं होतं, ते युद्धाचे विरोधक होते. त्यांचं अहिंसेचं तत्त्वज्ञान चूक होतं असं धरलं तरी होडीबद्दलचा प्रश्न चूक नव्हता. त्यांना आत टाकताना तो प्रश्नही आत गेला.

आमच्या गटावर एकानं लिहिलं होतं की युद्धविरोध हे पाश्चात्त्य फॅड आहे. त्यानं एकदा रत्नागिरीला थिबा राजवाड्यात जावं. थिबा पॉइंटवर सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांना तो राजा इथं कसा आला हे बहुधा माहीत नसतं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशावर स्वारी केली. पंधरवड्यात मंडाले घेतलं, थिबाला आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ साली इथंच वारला. त्याच १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. बहात्तर प्रतिनिधी, बहुतेक वकील आणि संपादक, राणीच्या नावानं जयजयकार करणारे. त्यांनी ठराव केला की वरचा ब्रह्मदेश खालसा करणं आम्हाला मान्य नाही आणि करायचाच असेल तर त्याचा बोजा हिंदुस्थानवर टाकू नका. थिबाच्या प्रेमापोटी नव्हे. खर्चाची वही बघून. स्वारी लंडनची, शिपाई इथले आणि पैसे शेतसाऱ्यातून, हा हिशेब त्यांनी मांडला. इथल्या संघटित राजकारणाचा पहिला महिना आणि त्यात युद्धविरोध आहे. तेव्हा कुणी त्यांना तुरुंगात घातलं नाही. बाविसेक वर्षांनी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना राजद्रोहासाठी मंडालेला धाडलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. साम्राज्याला विनोदबुद्धी नसते म्हणतात, पण हे पाहून शंका येते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, ज्यांना वाटतं की गप्प बसवणं हा अमुक एका पक्षाचा रोग आहे. १९०१ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलमध्ये लॉइड जॉर्ज हा ब्रिटिश खासदार दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाविरुद्ध बोलायला उभा राहिला. जमावानं खिडक्या फोडल्या, त्याला मारायलाच उठला. बिचारा पोलिसाचा गणवेश घालून मागच्या दारानं निसटला. त्याच वर्षी एमिली हॉबहाउस या इंग्रज समाजसेविकेनं बोअर बायकापोरांच्या छावण्यांतली उपासमार इंग्लंडपुढे मांडली तर तिला देशबुडवी ठरवलं आणि ती परत केपटाऊनला गेली तेव्हा बोटीवरूनच माघारी पाठवलं. सरकारनंच नेमलेल्या बायकांच्या समितीनं पुढे तिचं म्हणणं खरं ठरवलं. आणि लॉइड जॉर्ज? सोळा वर्षांनी तो पंतप्रधान होता आणि त्याच्याच सरकारनं युद्धाविरुद्ध लिहिल्याबद्दल तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलला सहा महिने तुरुंगात टाकलं. आपल्याकडचं पाहा. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या गिरण्यांत युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, सुमारे नव्वद हजार कामगार बाहेर पडले, आणि त्या गिरण्यांत निम्मं कोकण राबत होतं. संप घडवणारे कम्युनिस्ट नंतर राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध झाले. हिटलर रशियावर चालून गेल्यावर काही महिन्यांत त्यांचं युद्ध 'लोकयुद्ध' झालं आणि मग विरोध करणारे समाजवादी 'पंचमस्तंभी', म्हणजे शत्रूला सामील घरभेदी, ठरले. १९६२ साली नेहरूंच्या सरकारनं भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांना पुन्हा विनाचौकशी आत टाकलं, आणि त्याच देवळीत सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसं कोंडली, ज्यांचा गुन्हा नाकाडोळ्यांपलीकडे काही नव्हता. चीनशी लढाई एक महिना चालली. त्या निमित्तानं पुकारलेली आणीबाणी उठली १९६८ च्या जानेवारीत. १९७१ साली बांगलादेशचं संकट दाराशी असताना आणलेला 'मिसा', म्हणजे विनाचौकशी स्थानबद्ध करू देणारा कायदा, चार वर्षांनी आमचे राजापूरचे खासदार मधू दंडवते यांच्यावर वापरला गेला. दंडवते पाकिस्तानचे हेर होते काय?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ठीक आहे, पण युद्ध जिंकायचं तर एका सुरातच बोललं पाहिजे. हे खरं असतं तर ब्रिटन १९४० सालीच बुडालं असतं. नॉर्वेत ब्रिटिश फौजांची फजिती झाली तशी संसदेत दोन दिवस चर्चा झाली आणि पंतप्रधान चेंबरलेनला जावं लागलं. जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसत असताना. उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडल्यावर १९४२ च्या जुलैत चर्चिलवर अविश्वासाचा ठराव आला. तो ४७५ विरुद्ध २५ नं पडला, पण आला, आणि मांडणाऱ्यांना कुणी जर्मन सेनापती रोमेलचे भाडोत्री म्हणून पकडलं नाही. पहिल्या महायुद्धात शस्त्र नाकारणाऱ्यांना छळणाऱ्या त्याच ब्रिटननं दुसऱ्या युद्धात सुमारे साठ हजार नकारखोरांची सोय लावली. आमच्याकडेही १९६२ च्या नोव्हेंबरात, आसामातलं तेजपूर रिकामं होण्याआधी, संसदेचं अधिवेशन भरलं. तरुण वाजपेयींनी ते मागितलं होतं. चर्चा बंद दाराआड व्हावी ही सूचना नेहरूंनी फेटाळली. स्वतःच्या पक्षातले लोकही कृष्ण मेनन यांच्यावर तुटून पडले, मेनन गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला हे वाक्य आपण आजही अभिमानानं म्हणतो. तो सह्याद्री धावला कशामुळे? युद्ध चालू असताना लोकांनी संरक्षणमंत्र्याला धारेवर धरलं म्हणून. गप्प बसले असते तर यशवंतराव मुंबईतच राहिले असते. एवढं खरं की गप्प बसवणारे नेहमी हरतात असं काही नाही. अमेरिकेनं युजीन डेब्ज या समाजवादी नेत्याला १९१८ साली एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा दिली आणि युद्धही जिंकलं. तुरुंगातून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला १९२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत नऊ लाखांवर मतं पडली, हा भाग वेगळा.

आणि आज? रशियानं २०२२ च्या मार्चमध्ये कायदा करून सैन्याबद्दल 'खोटी माहिती' देणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षेची सोय केली. युद्धाला युद्ध म्हणायचं नाही, 'विशेष लष्करी कारवाई' म्हणायचं. कोरा कागद धरून उभ्या राहिलेल्यांनाही पोलिसांनी उचललं. मॉस्कोचा एक नगरसेवक, अलेक्सेई गोरिनोव्ह, सभेत बोलला आणि त्याला सात वर्षं झाली. आपण तिथं नाही, हे मान्य. पण मे २०२५ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला एका पोस्टसाठी अटक झाली. पोस्ट तिनं दोन तासांत काढली होती, माफी मागितली होती. तरी कॉलेजनं काढून टाकलं आणि परीक्षेच्या दिवसांत ती तुरुंगात होती. ती पोस्ट मला आवडली असती असं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडे बोल सुनावून तिला सोडवलं. पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका बाईनं मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका म्हटलं तर तिलाही लोकांनी सोडलं नाही. शस्त्रसंधी जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिवांना आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं, म्हणजे सरकारनं युद्ध थांबवलं तर सरकारही देशद्रोही.

आमच्या वाचनालयात पोलीस आले नव्हते. तहसीलदाराचं पत्र नव्हतं, कुठलं कलम नव्हतं. बर्मिंगहॅमलाही कायदा लॉइड जॉर्जच्या बाजूनंच होता; पोलिसांनीच त्याला वाचवलं. पुष्कळ वेळा कायदा मागाहून येतो, आधी फळा पुसणारा हात येतो, आणि तो हात आपल्या ओळखीचा असतो. या हाताला पकडता येत नाही की कोर्टात खेचता येत नाही. त्याच्यापुढे नवा फळा लिहायचा, एवढंच करता येतं.

परवा संध्याकाळी काकांच्या ओटीवर बसलो होतो. विषय ९ डिसेंबर १९७१ वर गेला, तो त्यांच्याकडे नेहमीच जातो. त्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. अठरा अधिकारी, एकशे शहात्तर नौसैनिक. काकांच्या ओळखीची काही पोरं तिच्यावर होती. पाणबुडी आसपास आहे हे ठाऊक असताना जहाज एवढ्या कमी वेगानं का चाललं होतं, हे ते गेली पन्नास वर्षं विचारत आहेत. सोनारच्या, म्हणजे पाण्याखालच्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगासाठी वेग कमी ठेवला होता, हे त्यांना पाठ आहे. तो तसा ठेवायचं कुणी आणि का ठरवलं, यावर ते तासभर बोलू शकतात, आणि बोलताना त्यांचा आवाज चढतो. मी म्हटलं, "काका, ह्या वाचनालयात येवन सांगशात?" ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुमचो फळो पुसल्यानी मा?" आणि आत हाक मारून चहा सांगितला.